दगडूचे कुंपण

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये, पितृपक्षातल्या एका सकाळी, दगडूने, म्हणजे माझ्या पाळीव सरड्याने, नेहमीप्रमाणे अळीवर झडप घातली, अळी तोंडात धरली आणि ती तशीच खाली पडली. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्या वेळी मी वाकून अगदी जवळून पाहिले, तेव्हा लक्षात आले की जबडा मिटतो आहे, पण मिटताना खालचा भाग रबरासारखा किंचित वाकतो आहे. मी तो बोटाने हलकेच दाबला. जे हाड टणक लागायला हवे होते, ते पिकत आलेल्या चिकूसारखे दबले. उजव्या मागच्या पायाची बोटे काही कारण नसताना थरथरत होती.

दगडू हा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा आहे. पोगोना विटिसेप्स हे त्याचे शास्त्रीय नाव आणि ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला कोरडा, निमवाळवंटी प्रदेश हे त्याचे मूळ गाव. आपल्याकडे कुंपणावर बसून डोके वरखाली करणारा बागेतला सरडा आणि हा प्राणी एकाच अ‍ॅगॅमिडी कुळातले आहेत, त्यामुळे दगडूने पहिल्यांदा मान डोलावली तेव्हा आईला ती खूण लगेच ओळखीची वाटली. पूर्ण वाढलेला प्राणी शेपटीसह ४५ ते ६० सेंटिमीटर लांब होतो, वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम भरते आणि नीट सांभाळल्यास तो ८ ते १२ वर्षे जगतो. ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून जगभर पाळले जाणारे हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासातच जन्मलेले असतात. दगडू दिवसभर एकाच जागी दगडासारखा बसून राहतो, म्हणून त्याचे हे नाव पडले.

मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो आणि इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. कारखान्यात मोटारीचे बेअरिंग तापले आहे का, हे आम्ही हात लावून ठरवत नाही. तापमान मोजण्याची बंदूक रोखून आकडा वहीत लिहितो. घरी मात्र मी सात महिने एका दिव्यावर केवळ तो लख्ख पेटतो म्हणून विश्वास ठेवला. फेब्रुवारीत दगडूला घेतले, तेव्हा दुकानदाराने दोन फुटांची काचेची टाकी, वाळूची पिशवी आणि जांभळट उजेडाचा एक बल्ब दिला होता. ‘यूव्ही आहे, साहेब,’ एवढेच त्याने सांगितले आणि मीही तेवढेच ऐकले.

ह्या प्राण्याला दोन प्रकारचा उजेड लागतो, आणि त्यातला एक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील ‘बी’ किरण, म्हणजे यूव्हीबी, कातडीवर पडले की कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. अंगाला पुरेशी ऊब मिळाली की त्याचे ड-३ बनते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला वापरण्याजोगे रूप देतात आणि मग कुठे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. ही साखळी कुठेही तुटली, तर अळ्यांना कितीही कॅल्शियमची पूड लावली तरी ती विष्ठेवाटे बाहेर पडते. रक्तातले कॅल्शियम तर कमी होऊ देता येत नाही, म्हणून परावटू ग्रंथी ते हाडांतून ओढून घेते. जबडा आणि पाय आधी मऊ पडतात, मग बोटे थरथरतात आणि शेवटी पाठीचा कणाही वाकतो. ह्याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात आणि पाळलेल्या सरड्यांमध्ये तो दुर्दैवाने फार आढळतो.

मग फेब्रुवारीपासून जूनपर्यंत काहीच का झाले नाही? ते मला नंतर उमगले. तेव्हा मी रोज सकाळी अर्धा तास दगडूला जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर नेत असे, आणि माझ्या बल्बची उणीव नाशिकचे ऊन गुपचूप भरून काढत होते. जूनमध्ये ढग आले, गच्ची बंद झाली आणि उरला फक्त तो जांभळा बल्ब. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत हाडांची शिल्लक संपली.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर गाठण्यासाठी मला दोनशेहून अधिक किलोमीटरवर पुण्याला जावे लागले. फोनवर बोलतानाच डॉक्टरांनी सांगितले होते, ‘प्राण्याबरोबर दिवाही घेऊन या.’ एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा धूसर दिसत होत्या. जणू पेन्सिलची रेघ कुणी बोटाने पुसली असावी. त्यानंतर डॉक्टरांनी माझा बल्ब होल्डरला लावला, त्याखाली अतिनील निर्देशांक मोजणारे छोटे मीटर धरले आणि काही न बोलता ते माझ्याकडे वळवले. मीटरवर शून्य होते. त्यांनी बल्ब तसाच ठेवून मीटर खिडकीबाहेर धरले, तर ढगाळ दुपारीही तिथे आकडा उमटला. औषध म्हणून पाजायचे कॅल्शियम मिळाले, उंचावर चढण्याला बंदी झाली आणि खरी यूव्हीबी ट्यूब लावण्याचा आदेश मिळाला. तीन महिन्यांनी हाडे टणक झाली. खालचा जबडा मात्र किंचित आखूड राहिला आहे आणि तो तसाच राहणार, त्यामुळे दगडू सदैव कुणावर तरी रुसल्यासारखा दिसतो.

पुण्याहून परतल्यावर मी आधी काचेची टाकी बाजूला केली. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा ही किमान गरज समजावी. लांबी महत्त्वाची, कारण पेटीचे एक टोक तापलेले आणि दुसरे गार असेल तरच प्राण्याला हवी ती ऊब निवडता येते. सरड्याच्या अंगात स्वतःची भट्टी नसते, तो जागा बदलूनच तापमान सांभाळतो. आमच्या गल्लीतल्या सुताराकडून मी १८ मिलिमीटरच्या प्लायची पेटी करून घेतली, आतून सनमायका लावला, सांधे सिलिकॉनने भरले आणि पुढे सरकत्या काचा बसवल्या. सुताराने तीनदा विचारले की हे कपाट नक्की कशासाठी आहे. मी खरे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग दार जरा घट्टच बसवतो.’

तळाशी वाळू नको. वाळू दिसायला वाळवंटासारखी असते, पण अळीबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबवते, आणि कॅल्शियम कमी पडलेल्या प्राण्याला तर ती मुद्दाम चाटावीशी वाटते. मी शहाबादी फरशीचे खरखरीत तुकडे कापून बसवले आहेत. त्यावर नखे आपोआप झिजतात, दिव्याखाली फरशी तापून राहते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. आईच्या मते संपूर्ण व्यवहारातला शहाणपणाचा खर्च हा एवढाच.

उष्णतेसाठी एका टोकाला साधा हॅलोजन बल्ब आहे. त्याखालच्या दगडाच्या पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असावे आणि पेटीच्या थंड टोकाला २५ ते २९ अंश मिळावे. हे आकडे काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीवर वाचू नयेत. ती तबकडी काचेचे तापमान सांगते, दगडाचे नव्हे. बेअरिंगसाठी वापरतो तीच बंदूक मी आता घरीही आणून ठेवली आहे. बल्बभोवती जाळी हवी, कारण हे प्राणी तापलेल्या वस्तूला पोट लावून बसतात आणि भाजत असल्याचे त्यांना वेळेवर कळत नाही. विजेवर तापणारे कृत्रिम दगड ह्याच कारणासाठी वर्ज्य आहेत. यूव्हीबीसाठी टी-५ नावाच्या बारीक जातीची, १० ते १२ टक्के यूव्हीबीची लांब ट्यूब बल्बच्याच बाजूला, पेटीची निम्मी ते दोन तृतीयांश लांबी व्यापेल अशी लावावी. काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते आणि बारीक जाळीही बराच भाग खाते, त्यामुळे ‘खिडकीतून ऊन येते’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर निर्देशांक ३ ते ५ असला की पुरे. त्यासाठी ट्यूब किती अंतरावर हवी, हे तिच्या खोक्यावरच्या तक्त्यात दिलेले असते. ट्यूब पेटत राहिली तरी तिचे यूव्हीबी ओसरत जाते, म्हणून कंपनीने सांगितल्याप्रमाणे सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी. आमच्या ट्यूबच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीवर बसवल्याची तारीख लिहिलेली आहे.

परदेशी माणसांनी सांगितलेली निगा बहुतेक थंड हवेच्या घरांसाठी असते. तिथे सगळी चिंता पेटी तापवण्याची. नाशिकला तीन ऋतूंची तीन दुखणी आहेत. मे महिन्यात दुपारी खोलीच ३५ अंशांवर जाते, तेव्हा मी कमी वॅटचा बल्ब लावतो, तो सकाळी तीन-चार तासच चालू ठेवतो आणि दुपारी फक्त ट्यूब सुरू राहते. थंड टोक ३२ च्या वर गेले की प्राण्याला पळून जायला जागाच उरत नाही. तोंड उघडून बसणे हे दिव्याखाली स्वाभाविक असते, पण थंड टोकाला बसूनही तोंड उघडे असेल तर पेटी तापली आहे असे समजावे.

पावसाळा सर्वांत अवघड. ह्या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत ती सहज ८५ वर असते. इथे थोडे गणित उपयोगी पडले. हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून २५ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तीच हवा सुमारे ३६ टक्क्यांची होते. दिव्याखाली म्हणूनच फारशी अडचण नसते. पण २८ अंशांच्या थंड टोकाला तीच हवा ७१ टक्क्यांवर राहते, आणि दगडू रात्री झोपतो नेमका तिथेच. त्यावर उपाय म्हणून मी थंड टोकाला तळाशी आणि तापलेल्या टोकाला माथ्याशी झरोके पाडून घेतले. गरम हवा वरून निघून जाते आणि खालून नवी येते, चुलीच्या धुराड्यासारखी. पाण्याचे भांडे ह्या दिवसांत दिवसभर आत ठेवत नाही. सकाळी नाकाच्या टोकाशी चमच्याने थेंब सोडतो, दगडू ते चाटून घेतो. रात्री खोलीत बाष्प शोषणारे यंत्र चालते. दमटपणात श्वसनाचा संसर्ग होतो: नाकातोंडाशी चिकट द्रव, श्वास घेताना बारीक टकटक असा आवाज, गळा फुगवून बसणे. अशा वेळी घरगुती वाफारा देऊ नये. आजार दमटपणाचाच असतो, त्याला आणखी वाफ कशाला? डॉक्टरांकडे जावे.

हिवाळ्यात निफाडचा पारा वर्तमानपत्रात झळकतो आणि आमच्याही घरात पहाटे १४ अंश होतात. रात्री १८ च्या खाली जाऊ नये म्हणून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडला आहे. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्ब विकले जातात, ते घेऊ नयेत. सरड्यांना ते रंग दिसतात आणि झोप मोडते. पूर्ण वाढलेले सरडे ह्या काळात खाणे कमी करून आठवडेच्या आठवडे झोपतात आणि नवा माणूस घाबरतो. ही सुस्ती आहे की आजार, हे मी वजनावरून ठरवतो. स्वयंपाकघरातल्यासारखाच, पण वेगळा काढून ठेवलेला डिजिटल काटा दर रविवारी वापरतो. झोपलेल्या निरोगी प्राण्याचे वजन फारसे उतरत नाही, दहा टक्क्यांनी उतरले तर ती झोप नव्हे. थंडी लागण्याआधी विष्ठेची तपासणी करून घ्यावी, कारण पोटात जंत घेऊन झोपलेला प्राणी अशक्त होऊनच उठतो.

खाण्याच्या बाबतीत आईचे दोन आक्षेप होते. पहिला हा, की घरातली झुरळे मारायला आपण पैसे देतो आणि इथे विकत आणून पाळतो. डुबिया जातीची ही झुरळे गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाहीत, हे तिने स्वतः दहा मिनिटे डब्याजवळ उभे राहून तपासले. कीटक प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा, देण्याआधी दिवसभर त्याला गाजर आणि कोंडा खाऊ घालावा आणि कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यावा. लहान पिल्लांना बहुतांश कीटक लागतात. वर्षभरानंतर प्रमाण उलटते आणि ताटात मुख्यतः पाला असावा लागतो, नाहीतर यकृतात चरबी साठते. दुसरा आक्षेप पालकाबद्दल होता. ‘एवढा ताजा पालक, आणि ह्याला तो चालत नाही?’ पालकातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकते, म्हणून तो नको. त्याऐवजी तुतीची पाने, जास्वंदीची फुले आणि पाने, काटे काढलेले फड्या निवडुंग, किसलेला लाल भोपळा आणि गुरांच्या चाऱ्याचा लसूणघास असे सगळे चालते. लसूणघासाची एक जुडी मागितली, तेव्हा चारावाल्याने गाय कितवी, असे विचारले होते.

पिंपळगावच्या मामांकडून द्राक्षांची पेटी आली की पाहुण्यांना दगडूला द्राक्ष भरवण्याची हौस येते. महिन्यातून एखादे, धुऊन, चिरून, इतपत ठीक. साखर फार आणि कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, त्यामुळे रोजचा खाऊ होऊ शकत नाही. शेतातले नाकतोडे आणि अळ्या तर मुळीच देऊ नयेत. आपल्याकडच्या बागांवर फवारणी किती होते, हे मामाच सांगतात.

विष्ठेच्या तपासणीत दगडूला एकदा कॉक्सिडिया निघाले. हे सूक्ष्म परजीवी थोड्या संख्येने असतातच, पण अस्वच्छ पेटीत प्राणी स्वतःच्याच विष्ठेतून पुन्हा पुन्हा ते गिळतो आणि संख्या वाढत जाते. औषधाइतकीच रोजच्या रोज विष्ठा उचलण्याची शिस्त त्यावर कामी आली. कातडीवर पिवळसर, खपलीसारखे आणि वाढत जाणारे चट्टे दिसले तर मात्र एक दिवसही थांबू नये. नॅनिझिऑप्सिस ह्या बुरशीचा तो आजार खोलवर जातो, एकाकडून दुसऱ्याला लागतो आणि अनेकदा जीव घेतो. कात टाकताना बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुनी कातडी दोऱ्यासारखी आवळून राहते, तेवढी कोमट पाण्याने सैल करावी. ओढून काढू नये.

आणि दगडू नर नाही. गेल्या फेब्रुवारीत त्याने चार दिवस फरशी उकरली, खाणे सोडले आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना गोट्यांसारखे उंचवटे दिसू लागले. नर जवळपास नसतानाही माद्या अफलित अंडी घालतात, हे मी वाचले होते, पण स्वतःच्या घरी ते घडेल असे मनात आले नव्हते, कारण पिल्लू घेतले तेव्हा दुकानदाराने ‘मेल आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. उकरायला ओलसर माती मिळाली नाही तर अंडी आत अडकतात, आणि स्नायू आवळायला लागणारे कॅल्शियम कमी असेल तर धोका वाढतो. आमच्याकडे तर कमतरतेचा जुना इतिहासच होता. मी धावत जाऊन रोपवाटिकेतून खत न मिसळलेली माती आणली, वाळूत कालवून एका टबात आठ इंच भरली आणि तो टब चादरीने झाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आत १८ अंडी होती आणि दगडू नाकावर माती घेऊन दिव्याखाली पसरला होता. आईने त्या दिवशी प्रथमच, ‘बाळंतिणीला जरा जास्त घाल रे,’ असे म्हणत स्वतःहून डब्यातल्या झुरळांकडे बोट दाखवले. नाव बदललेले नाही. क्रियापदे मात्र घरात प्रत्येकाची वेगळी आहेत.

आईची एक गोष्ट मी वाद न घालता मान्य केली आहे. सरडा निरोगी दिसत असला तरी त्याच्या आतड्यात साल्मोनेला जीवाणू असू शकतात, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली जात नाहीत, हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा काचेबाहेरूनच बघतो.

घेण्याआधी कागदपत्रांची चौकशी करावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या विदेशी प्रजातींची नोंदणी सक्तीची झाली आहे. याद्या बदलत असतात, म्हणून वन विभागाकडे विचारून घ्यावे आणि पक्की पावती जपून ठेवावी. घोरपड किंवा आपल्या रानातला दुसरा सरपटणारा प्राणी ‘तसाच दिसतो’ म्हणून घरी आणणे हा सरळ गुन्हा आहे.

आज जूनची बारा तारीख. काल संध्याकाळी पहिली मोठी सर येऊन गेली आणि थंड टोकाचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, ५८ वरून ६९ वर चढला. पाण्याचे भांडे मी बाहेर काढले आहे. खिडकीलाही जाळी ठोकून झाली, कारण हे काजव्यांचे दिवस आहेत आणि उजेडाला कीटक आत येतात. अमेरिकेत फोटिनस जातीचा काजवा खाऊन असे सरडे मेल्याची नोंद आहे, आणि आपल्या काजव्यांवर प्रयोग करून पाहण्याची माझी इच्छा नाही. ट्यूबच्या चिकटपट्टीवर गेल्या जुलैची तारीख आहे. नवी ट्यूब आणून कपाटावर ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात डॉक्टर नाशिकला येणार आहेत, तेव्हा जुनी उतरवण्याआधी दोन्ही त्यांच्या मीटरखाली धरायच्या आहेत.